मागील गेटचे कुलूप तोडल्याबाबत

जबाब देणार: खाली सही करणारा, वय ६४ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (पूर्वी पाणीपुरवठा खात्यात आरेखक), सध्या घरमालक संघाचा सचिव, राहणार घर क्रमांक १७.

आज दुपारी बारा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात आहे. आमच्या वसाहतीत एकूण शहाऐंशी बैठी घरे आहेत. घरमालक संघाचा मी गेली अकरा वर्षे सचिव आहे. दर वर्षी निवडणूक होते आणि दर वर्षी दुसरे कोणी हात वर करत नाही. सभेचे इतिवृत्त लिहिणे, नोटिसा काढणे आणि रहिवाशांच्या तक्रारी ऐकणे हे माझे काम. कोणाचे कुंपण किती उंच, कोणाच्या झाडाची पाने कोणाच्या अंगणात पडतात, कोणाचा कुत्रा किती वेळ भुंकतो, अशा त्या तक्रारी असतात. गेल्या वर्षी एका बाईंनी शेजाऱ्यांच्या दाराचा जांभळा रंग डोळ्यांत खुपतो म्हणून तीन अर्ज दिले. मी तिन्ही अर्जांची पोच दिली.

वसाहतीला दोन गेट आहेत. पुढील गेट मोठ्या रस्त्याला लागते. मागील गेट घर क्रमांक ५२ च्या बाजूला असून त्यापुढे गल्ली आहे. गल्लीतून रुग्णालय पाच मिनिटांवर आहे. पुढील गेटने वळसा घालून गेल्यास वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. हे अंतर मी स्वतः मोजलेले आहे.

या वर्षाच्या सुरुवातीस मागील बाजूच्या घरांतून दोन कुंड्या व एक सायकल चोरीस गेली. बाहेरची माणसे आपल्या रस्त्यावरून ये-जा करतात, मागील गेट कायमचे बंद करा, असा एक्केचाळीस घरांच्या सह्यांचा अर्ज माझ्याकडे आला. त्यावर रविवारी सकाळी अकरा वाजता सभा झाली. अध्यक्षस्थानी संघाचे अध्यक्ष होते. त्यांचा टायरचा व्यवसाय होता. त्यांना वसाहतीत सगळे मेजर म्हणतात. ते सैन्यात कधीच नव्हते, मिशांमुळे तसे नाव पडले आहे.

सभेत क्रमांक ५२ च्या बाई उभ्या राहिल्या. त्या निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना आम्ही सिस्टर म्हणतो. त्यांचे पती घड्याळे दुरुस्त करीत. त्यांना दोन वेळा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, हे सर्वांना माहीत होते. सिस्टर म्हणाल्या, "गेट बंद केलंत तर आमच्याकडे रुग्णवाहिका कुठून येणार? यांना वीस मिनिटं मिळणार नाहीत. मी तीस वर्षं हेच बघितलंय."

मेजर म्हणाले, "सिस्टर, किल्ली सचिवांकडे राहील. ते कुठे जातात? एक फोन केलात की दोन मिनिटांत गेट उघडं."

मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "वहिनींनी सोडलं तर जातील ना कुठे." लोक हसले. मीही हसलो. सिस्टर खाली बसल्या. हात वर करा म्हटल्यावर त्यांनी हात वर केला नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला, असे मी इतिवृत्तात लिहिले. ते खोटे आहे. हरकत नोंदवली की नियमाप्रमाणे पुढील सभेत पुन्हा चर्चा करावी लागते. सभा साडेअकराला संपवून सर्वांना घरी जायचे होते. सिस्टर काय म्हणाल्या याचा इतिवृत्तात एक शब्दही नाही.

कुलूप मी आणले आणि मी लावले. किल्ली एकच ठेवली.

पुढच्या आठवड्यात सिस्टरनी दुसरी किल्ली मिळावी म्हणून लेखी अर्ज दिला. मी तो समितीपुढे ठेवला. एकाला दिली की शहाऐंशी जण मागतील, असे समितीचे म्हणणे पडले. नकाराचे पत्र मी लिहिले. ते द्यायला गेलो तेव्हा सिस्टर अंगणात झाडांना पाणी घालत होत्या आणि त्यांचे पती ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी कोपऱ्यावर थांबलो. दोघे आत गेल्यावर पत्र पेटीत टाकले आणि परत आलो.

गेल्या मंगळवारी दुपारी मी घर क्रमांक ८० येथे होतो. तेथील मेंदीचे कुंपण ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त वाढल्याची तक्रार होती. मी टेप लावून मोजत होतो. क्रमांक ८ मधून कुत्र्याबद्दल सकाळपासून सहा फोन आले होते, म्हणून मी फोनचा आवाज बंद केला होता. किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती.

नंतर फोन पाहिला असता सिस्टरचे तीन वाजून आठ मिनिटांपासून तीन वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत नऊ फोन येऊन गेले होते.

त्या वेळी काय घडले हे माझ्या पत्नीने व क्रमांक ५३ मध्ये राहणाऱ्या प्लंबरने मला सांगितले ते असे. तीन वाजता घड्याळवाल्यांच्या छातीत दुखू लागले. सिस्टरनी त्यांना जमिनीवर निजवले, गोळी दिली, फोन केला. रुग्णवाहिका तीन वाजून अकरा मिनिटांनी गल्लीतून मागील गेटशी आली. गेटला कुलूप होते. गेटवर टोकदार सळया आहेत, स्ट्रेचर वरून घेता येत नाही. प्लंबरला नवऱ्याजवळ बसवून सिस्टर आमच्या घरी धावत आल्या. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. माझ्या पत्नीने खुंटीवर पाहिले, टेबलाचे खण उलटे केले. ती त्यांना म्हणाली, "किल्ली ते बरोबर घेऊन फिरतात हो. मी शोधून आणते त्यांना." ती पुढील रस्त्याने गेली. मी मागच्या रस्त्याला होतो.

सिस्टर परत गेल्या, पतीजवळ बसल्या व छाती दाबू लागल्या. त्या प्लंबरला म्हणाल्या, "तू जा आणि तोड ते." प्लंबरने घरून पहार आणली. कुलूप चांगल्या प्रतीचे होते, तुटेना. शेवटी त्याने कडी उचकटली, त्यात गेटचे एक दार बिजागरीतून निखळले. रुग्णवाहिकेची माणसे आत आली तेव्हा तीन वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली होती.

लोखंडावर घाव पडण्याचा आवाज मी क्रमांक ८० मध्ये ऐकला. वसाहतीत दुपारी दोन ते चार ठोकाठोकीस बंदी आहे. मी खिशातून वही काढली आणि लिहिले, "मंगळवार, ३.२२, मागील बाजूस ठोकाठोकी, कोण ते पाहून नोटीस देणे." नंतर राहिलेले कुंपण मोजले. ते नऊ सेंटिमीटर जास्त भरले. सदर वही मी आज सोबत आणली आहे व ती जमा करीत आहे.

घड्याळवाले रुग्णवाहिकेत वारले. वेळेत नेले असते तर वाचले असते का, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी मी सिस्टरच्या घरी गेलो. पत्नी येते म्हणाली होती, पण दारापर्यंत येऊन ती परत फिरली. सिस्टरनी दार उघडले, या म्हणाल्या, पाणी दिले. मग त्याच म्हणाल्या, "भाऊ, माझी हरकत लिहिली असतीत तरी गेट बंदच झालं असतं. एवढं कळतं मला. पण मी उठून बोलले होते, हे कुठंतरी राहिलं असतं. आता लोक मला विचारतात, तेव्हा तुम्ही का नाही बोललात."

मी म्हणालो, "सिस्टर, मी लिहून देतो तसं."

त्या म्हणाल्या, "आता कोणाला?"

पाणी न पिता उठलो.

परवा समितीची बैठक झाली. सुरुवातीस सर्व जण दोन मिनिटे उभे राहिले. त्यानंतर तुटलेल्या गेटचा विषय निघाला. ज्यांच्या अर्जावर सर्वांत वर सही होती ते गृहस्थ म्हणाले, "बंद करा म्हणजे काय, इतकं घट्ट बंद करा असं कोण म्हणालं होतं? सचिवांनीच फार मनावर घेतलं." मेजर म्हणाले, "सिस्टर उद्या आपल्या सगळ्यांवर केस करतील. त्याआधी गेट फोडल्याची तक्रार आपली पडली पाहिजे. सचिवसाहेब, सही तुमचीच लागेल." तक्रारीचा मसुदा त्यांनी तयार आणला होता. त्यात सिस्टर व प्लंबर यांनी संगनमताने संघाच्या मालमत्तेचे नुकसान केले, असे लिहिले आहे. बैठकीस नऊ जण होते. कोणी हरकत घेतली नाही.

त्या मसुद्यावर सही करण्यासाठी मेजर मला आज स्वतःच्या गाडीतून ठाण्यात घेऊन आले. ते आत्ता बाहेर बाकावर बसलेले आहेत. वाटेत ते मला म्हणाले, "तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. किल्ली कोणाच्या खिशात होती, हे विसरू नका." मी विसरलेलो नाही.

माझी सिस्टर व प्लंबर यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. सदर मसुद्यावर मी सही केलेली नाही व करणार नाही. खोटे इतिवृत्त असलेली संघाची वही मी आपल्या ताब्यात देत आहे. पान अठ्ठावन्न पाहावे.

माझ्या जबाबाचा उपयोग माझ्याच विरुद्ध होऊ शकतो हे मला समजावून सांगण्यात आले. मला ते समजले.

हा जबाब लिहून झाल्यावर मला सावकाश वाचून दाखवला. इतिवृत्ताच्या परिच्छेदात "अध्यक्षांच्या दबावामुळे" असे दोन शब्द लेखनिक हवालदारांनी माझ्या सोयीसाठी घातले होते. ते मी खोडायला लावले असून तेथे माझी सही घेतली आहे. मला इतिवृत्त तसे लिहायला कोणीही सांगितले नव्हते. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आणि खरा आहे.