डावा गाल की उजवा

आताच्या हिरॉइनींचं काय सांगता, आमच्या घरात एका जुन्या हिरॉइनच्या तिळावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात पूर्वी चौकात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुरुष पुढून बघायचे, बायका पडद्याच्या मागून. मागून डावं ते उजवं दिसतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यामुळे आमचे वडील, नाना, म्हणायचे, "तिना डावा गालवर तीळ शे." त्यांची थोरली बहीण अक्का म्हणायची, "उजवा." शेवटी नानांनी पैज लावली, हरलो तर मिशी उतरवीन.

पुढे घरात टीव्ही आला आणि एका रविवारी नेमका त्या हिरॉइनचाच सिनेमा लागला. दोघं अगदी पुढ्यात बसले. ती जिना उतरत आली, मान वळवली आणि हसली. अक्काच्या हातातली शेंग हातातच राहिली. नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सिनेमा संपला.

मी विचारलं, "मग नाना, मिशी राहणार का जाणार?"

अक्काच हळूच म्हणाली, "तीळ देखाना राहीच गया रे भाऊ."

नाना म्हणाले, "मना बी."