बंब बिघडलाय

नाही हो, पिशवी अशी ओढू नका — वरून सोडवा, हळूहळू खाली, दुसऱ्या हातानं कातडी दाबून — हां, अश्शी. पहिल्यांदाच आलात म्हणून सांगते, आधीच्या नर्सबाईंना माझं पोट पाठ होतं. हे उरकेपर्यंत सकाळचं मिसोचं सूपसुद्धा घेत नाही मी. का? अहो, पोटात घोट गेला की हे महाराज कामाला लागतात, आणि नव्या पिशवीची चकती चिकटवायच्या ऐन वेळी फजिती. बघा ना, कसं लालबुंद बसलंय, खारवलेल्या आलूबुखारासारखं. आतड्याचं तोंड म्हणे! हात लावला तरी मला कळत नाही, पण कुणी नुसतं बघितलं ना, की कळतं. साबण थोडाच घ्या, कोमट पाणी, आणि टिपायचं — घासायचं नाही.

वास येतोय? हा नव्हे हो, युझूचा, त्या सुवासिक लिंबांचा. आज वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, म्हणून रिवाजाप्रमाणे खाली आमच्या सार्वजनिक न्हाणीघरात गरम हौदात युझूची फळं सोडलीत. मुलगा म्हणतो, आई, दुपारी उघडायच्या आधी तू एकटी उतर, पिशवी झाकून घे, डॉक्टरांची परवानगी आहे. परवानगी! एकेचाळीस वर्षं खाली त्या उंच गल्ल्यावर बसले मी, तिथून बायकांचीही बाजू दिसते, पुरुषांचीही, सगळ्या वस्तीची पोटं बघितलीत. पण ऑपरेशनला चौदा महिने झाले, त्या हौदात पाय नाही घातला. इथेच वर बादली घेऊन बसते. का म्हणून काय विचारता — चकतीचं भोक जरा मोठं कापा, तांदळाच्या जाडीएवढं, नाहीतर काचतं —

तुम्ही तोफूवाल्यांच्या आळीतही जाता ना? कुझुमींकडे? नका सांगू, तुम्हाला सांगायची बंदी असते, ठाऊक आहे मला. त्यांनाही हीच पिशवी. आठ वर्षं झाली. पहाटेपासून गार पाण्यात हात घालून तोफू कापणारा माणूस, रोज दुपारी चारला आम्ही उघडलं की ठोक्याला पहिला हजर. इस्पितळातून सुटले तसे आले, पिशवीवर टॉवेल धरून, कोपऱ्यात बसून स्वच्छ अंग धुतलं, मग हौदाच्या अगदी काठाशी उतरले. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली हो. मग काय करणार? दुसऱ्या दिवशी मीच दारात उभी राहिले, वाकून म्हटलं, माफ करा कुझुमीसान, बंब बिघडलाय. आणि वर बघावं तर धुराडं भकाभका धूर सोडतंय! त्यांनी मान वर केली, तो धूर बघितला — आणि माझ्यापेक्षा खाली वाकले. म्हणाले, सावकाश दुरुस्त करा, मीच उगाच त्रास दिला. पुन्हा आले नाहीत. नव्या वर्षाला तोफू मात्र पाठवायचे, न चुकता. खाल्ला मी तो — गिळला म्हणा.

काय? कोणत्या गिऱ्हाइकांनी? अहो, ते आपले — ती चकती द्या इकडे, काखेत धरून ऊब देते, मग नीट बसते — ते आपले... कुणी नाही. कुणीसुद्धा कुरकुर केली नव्हती. हामुराआजोबांनी तर त्यांची पाठ चोळून दिली होती. मीच. मलाच किळस आली, वर बसून बघताना. अन् आता रोज सकाळी पोटावरची पिशवी सोडते ना, तेव्हा ती गल्ल्यावरची बाई माझ्याकडे तशीच बघत असते. मी कशी उतरू हौदात, सांगा?

लावा आता. तळवा ठेवा वर, दाबून धरा, ऊब लागू दे. एक काम कराल? त्यांना म्हणावं, आज या. दोन वाजता, उघडायच्या आधी. कुणी नसेल, मीही गल्ल्यावर नसेन. आणि ते येऊन गेले, तर मग मीसुद्धा — का हो, हात का थांबला? उठत नाहीत? अंथरुणातच आहेत?

बरं. बरं.

मग त्या टोपलीतली दोन फळं घ्या तुमच्या बॅगेत. अंग पुसता ना त्यांचं, त्या कोमट पाण्यात सोडा. माझं नाव नका घेऊ. नाही — घ्या. म्हणावं, बंब दुरुस्त झाला.

जा तुम्ही आता. सोडा, मी धरते दाबून.