चालू मशीनचा फोन

काय झालं, आधी नुसता ड्रिलिंग मशीनचा आवाज बदलला. मी कशालाही दचकते हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक, त्यामुळे ऑपरेटर शिंदेकाका म्हणाले, "मॅडम, मशीन आहे ते, सतार नाही."

तरी मी तयार झालेला ब्रेकचा एक भाग उचलून पाहिला. भोकापाशी बारीक तडा होता. पुढच्यालाही तसाच.

"काका, बंद करा ना!"

"साहेबांना विचारल्याशिवाय इथं कुणी मशीन बंद करत नाही. लावा फोन."

रिंग वाजत राहिली आणि तडे गेलेले ब्रेक पेटीत पडत राहिले. कितीतरी वेळानं साहेबांनी फोन उचलला.

"मशीन बंद पडलं का?"

"नाही सर, चालू आहे, पण..."

"मग फोन कशाला केलात?"