डबा ओरडतोय

फोनवरून सगळं होतं म्हणता ना? मग ऐका. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, मोटारसायकल मला ठेवली. दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हला हवा मोजणाऱ्या टोप्या लावून दिल्या आणि हँडलला एक डबा. हवा कमी झाली की डबा ओरडतो.

परवा पोलादपुरात हवा भरली, तरी डबा गप्प बसेना. पोराला फोन लावला.

"आये, हवावाल्यानं टोप्या उलट्या लावल्या असतील. मागच्या चाकाला हवा जास्त लागते; तिथली टोपी पुढं बसली की तिला हवा कमी वाटते, म्हणून ओरडतोय. अदलाबदल कर."

"तूच येऊन कर."

"दोन मिनटांचं काम हाय गो!"

"मग दोन मिनटांसाठी ये. गणपतीपासून तोंड नाय दाखवलंस."

बोलता बोलता मी टोप्या बदलल्याही. डबा गप्प झाला.

"झाला काय बंद?"

"नाय रे," मी म्हटलं, "ओरडतोय अजून."