उजवा हात खांद्याशी

...उजवा हात असा सावकाश वर आणायचा, खांद्याशी आला की थांबायचं, श्वास सोडायचा आणि खाली. बघा, समोर चारपाच हात आपोआप उठले. उठू द्या.

माननीय अध्यक्ष जयरामजी, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती मल्हारीदादा, सुलावहिनी आणि वसाहतीतल्या बंधुभगिनींनो,

दादा परवा छापखान्यातून निवृत्त झाले. उद्या पहाटेच्या एसटीनं ते येवल्याला लेकीकडे निघतील. तरुणपणी कलकत्त्यात शेजारच्या चिनी बूटवाल्याकडून ते हा संथ व्यायाम शिकले आणि गेली नऊ वर्षं, रोज साडेपाचला, नाशिक रोडच्या आपल्या मैदानात त्यांनी तो आपल्याला शिकवला. उद्यापासून तो मी घ्यायचा, असं ठरलं आहे.

भाषणाच्या तयारीसाठी दुपारी त्यांच्या घरी गेलो. वहिनी पोत्यात भांडी भरत होत्या. मी विचारलं, "दादा, डावा हात डोक्यावर जातो आणि उजवा खांद्याशी थांबतो, यामागचा विचार काय?"

वहिनी म्हणाल्या, "विचार कसला, भाऊजी. सायकलवरून पडले तेव्हापासून यांचा तो हात वर जातच नाही."

"मग तो चिनी माणूस?"

"तो दोन्ही डोक्यावर न्यायचा," दादा म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. पण तुम्ही म्हणालात, मान मोकळी झाली. लंकाबाई जिना चढायला लागल्या. म्हटलं, चाललंय ते चालू दे."

माझी मान खरंच मोकळी झाली. ती कशानं झाली? त्या थांबण्यावर मी आपल्या स्मरणिकेत दीड पान लिहिलं आहे. मथळा आहे, 'संयम'. दादांवर रागवावं, तर नऊ वर्षांत त्यांचा एक खाडा नाही. आभार मानावेत, तर कशाचे? खांद्याचे?

उद्या चाळीस माणसं माझ्याकडे बघून हात उचलतील. मी कुठं थांबू? दादा, तुम्हीच सांगा.

"गुडघे जपा," म्हणताहेत. बरं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोप द्यायला उभा राहिलो आणि माझाच गोंधळ तुमच्यापुढे मांडला, तेवढी चूक मोठ्या मनानं माफ करा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही हात डोक्यावर नेले. समोरच्या सगळ्यांचा उजवा हात खांद्याशी थांबला. लंकाबाई म्हणाल्या, "यादवभाऊ, चुकताय." मी उजवा हात खांद्याशी आणला.)