बाना बुपेच्या मशीनचा प्लग

—आणि लाइट गेलीय म्हणून तारेत जीव नसतो, हे तुला सांगितलं कुणी, बाशी बुपे? टेस्टर लावून बघितलंस म्हणे. अरे, अख्ख्या चिमवेमवे वस्तीत वीज नाही, तर टेस्टर काय दाखवणार, तुझं कपाळ? जाते तशी ती येतेही, आणि येताना सांगून येते का — नाही येत. मेन बंद केलास? नाही ना. वाटलंच. आता उतरू नकोस, हात घातलायस तर पुरं कर. मी बसतो इथे.

ती तार नको, ती बटणाकडून येते — दिवा बंद केला की तुझ्या बायकोचं मशीनही बंद पडेल. वर छतातल्या डबीत कायम चालू असणारी लाल आहे, ती घे. हिरवी अर्थिंगची, ती प्लगपर्यंत न्यायची, कापून टाकायची नाही. दिव्याच्या लाइनीवर प्लग घेता येतो, मी कुठे नाही म्हणतोय? पण शिलाई मशीन आणि फोन, बस. इस्त्री नाही, हॉटप्लेट तर नाहीच, नाहीतर तार आतल्या आत तापेल आणि छत पेटेल. आणि फ्यूजमध्ये ती जाड तांब्याची तार कुणी घातली — तूच ना? तो फ्यूज जन्मात उडायचा नाही, मग घर जळलं तरी.

प्लग खिडकीशीच हवाय ना तिला? उजेड डावीकडून लागतो. मला कसं माहीत — माझ्या बहिणीकडे शिकली ती शिवायला, मीच दिवा सरकवून द्यायचो. तेव्हा तिला मुसोंडा म्हणायचे सगळे. पोर झालं तशी ती बाना बुपे झाली, बुपेची आई, तू बाशी बुपे, बुपेचा बाप, आणि तिचं नाव घेणारा गल्लीत मी एकटाच उरलो — तेही मनात. मला कोणी कुणाचा बाप म्हणत नाही. जळतो मी तुझ्यावर, हो, जळतो, लपवू कशाला? मिनीबस चालवतोस, कसली अक्कल नाही, फ्यूजमध्ये तांबं भरतोस — आणि मघाशी ती माझ्या विजेच्या सामानाच्या दुकानात धावत आली, एका पायात चप्पल, हाताला न्शिमाचं मक्याचं पीठ तसंच. मला वाटलं, आली. इतक्या वर्षांनी आली. तर म्हणते काय — तो स्टुलावर चढलाय, माझं ऐकत नाही, तू जा, त्याला काही होता कामा नये. माझ्यासाठी तिने कधी साधी मान वळवली नाही रे, आणि तुझ्यासाठी—

ऐकलंस? शेजाऱ्यांचा रेडिओ. आली वीज.

असा थिजू नकोस. जिवंत आहेस. फ्यूज माझ्या खिशात आहे, हा बघ — आत येताना आधी मीटरपाशीच गेलो होतो. लगेच काढला नाही. हात ठेवून उभा राहिलो जरा. मग काढला.

उतर आता, उरलेलं मी करतो, फ्यूजला बारीक तारही घालतो. तू दुकानात जा. बसलीय तिथे, दाराकडे डोळे लावून. नाही, मी नाही जाणार. तिला मी आलेलो चालणार नाही. जा म्हणतो ना.