सव्वाचारची बस

घड्याळाचं म्हणाल तं आमच्या मामाचं ऐका. त्याची चावी भरायची घुंडी ढिली झालती. दाबून फिरवली तं चावी भरे, पण काटे लावायले ओढली का हातातच ये.

म्या म्हटलं, "दुरुस्तीले दे."

"काऊन? सव्वाचारले बंद पडलं हाय. सव्वाचारची बस आली का चावी भरतो, झालं बरोबर."

बस आली दिवेलागणीले. मामानं तवाच चावी भरली.

त्याच बसनं आम्ही माह्यासाठी पोरगी पाह्यले अल्लीपूरले गेलो. बोलावलं होतं पाचले. पोरीचा बाप दारातच तापला, "हे काय यायची वेळ हाय?"

मामानं मनगट पुढं केलं. "पाचले पाच मिनिटं कमी हायत. तुम्हीच काऊन इतक्या लवकर कंदील लावला?"